वापरलेलं अणुइंधन हजारो वर्षं ठेवायला कोणता धातू सर्वांत चांगला?

एका शब्दात हवं असेल तर तांबं. पण तुम्ही पुढे विचारलंय की स्टेनलेस गंजत नाही, मग तेच जाड का वापरत नाहीत? इथे माझी जुनी खपली निघाली.

आमच्या प्रयोगशाळेतल्या एका वरिष्ठांचा हाच हेका होता. ३०४ (स्टेनलेसचा एक नेहमीचा प्रकार) घ्या, जाडी वाढवा, विषय संपला. मी वेल्ड केलेल्या पट्ट्यांवर समुद्री मीठ फवारून त्या दमट, गरम कपाटात ठेवल्या होत्या. बाहेर काढल्या तेव्हा चकचकीत, कुठे एखादा तपकिरी ठिपका. साहेब खूश. मी लाल पेनिट्रंट, म्हणजे तड्यात शिरणारा रंग, लावलं, पुसलं, वर तो रंग बाहेर ओढणारा पांढरा डेव्हलपर मारला. हळूहळू वेल्डच्या कडेला केसाएवढी बारीक, फाटे फुटलेली तांबडी रेघ उमटली. "नीट पुसलं नसशील," साहेब म्हणाले. पट्टी कापून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली तडा दाखवला, तर म्हणे नमुनाच खराब. अहवालात तो तडा तळटिपेत गेला.

वेल्ड थंड होताना आकसतो, शेजारच्या धातूत ताण अडकतो. त्याला मिठातलं क्लोराइड आणि ओल मिळाली की तडा. जाडीने कारण जात नाही, तडा आरपार जायला वेळ लागतो इतकंच. त्यातून कॅनिस्टर, म्हणजे इंधनाचा बंद डबा, नवा, गरम असताना हा धोका कमी. इंधन निवत गेलं की वर बसलेलं मीठ हवेतली ओल ओढू लागतं.

बाकी सगळं जागेवर ठरतं. इंधन खोल पुरायच्या स्वीडन-फिनलंडच्या केबीएस-३ पद्धतीत ५ सेंटीमीटर तांब्याचं कवच, आत बिडाचा गाभा, भोवती बेंटोनाइट माती आणि ४०० ते ५०० मीटर खोल खडक. तिथल्या पाण्यात ऑक्सिजन जवळपास नसतो, म्हणून तांबं. अमेरिकेच्या यक्का माउंटन या नियोजित भूमिगत साठ्यात हवा पोचणार होती, म्हणून तिथे निकेलचा अलॉय २२ आणि वर टायटॅनियमचं छत ठरलं होतं. प्रकल्पच रखडला, ते वेगळं.

हां, तांब्यालाही सल्फाइड खातं. गंजाच्या प्रश्नावरच स्वीडनमध्ये २०१८ साली न्यायालयाने शंका काढल्या. तिथल्या साठ्याला सरकारची परवानगी २०२२ मध्ये मिळाली. आणि स्टेनलेस टाकाऊ नाही. काही दशकांच्या कोरड्या साठवणीला हीलियम भरलेले स्टेनलेसचे कॅनिस्टर सर्रास वापरतात, त्याला माझी हरकत नाही. पण वेल्ड कसा तपासणार हे न सांगता कुणी नुसती जाडी ऐकवत असेल, तर त्याला आधी एक तुकडा कापून दाखवायला सांगा.