तीस पॉइंट, रिन्युअल आणि कंपनीचे तिकीट: डॉक्टर वाचकांचे प्रश्न

प्रश्न: डॉक्टरांच्या आचरणाची २०२३ ची नवी नियमावली गुंडाळली गेली असे ऐकतो. मग नोंदणीच्या रिन्युअलसाठीची ३० पॉइंटची अटही गेली का? (परळी वैजनाथ)

उत्तर: गेली नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची नियमावली २ ऑगस्ट २०२३ ला अधिसूचित झाली आणि २३ ऑगस्टला स्थगित झाली. तीन आठवडेच टिकली. त्या दिवसापासून २००२ ची जुनी आचारसंहिता पुन्हा लागू आहे आणि दर ५ वर्षांत ३० तास सीएमईला, म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर वैद्यकीय शिक्षणाच्या कार्यक्रमांना, हजर राहण्याचा नियम मुळात त्या जुन्या संहितेतलाच आहे. २०२३ ने तो नव्याने आणला आणि स्थगितीने तो गेला, असा मजकूर ग्रुपवर फिरतो, तो चुकीचा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल दर ५ वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करते, तेव्हा ही हजेरी पॉइंटमध्ये मोजली जाते आणि असे ३० पॉइंट लागतात. आयएमएची, म्हणजे डॉक्टरांच्या संघटनेची, वर्गणी भरली म्हणून पॉइंट जमा होत नाहीत. आयएमएची शाखा फक्त आयोजक असते, पॉइंटला मान्यता कौन्सिलची.

प्रश्न: पाच वर्षे कधीपासून मोजायची? जानेवारी ते डिसेंबर की आर्थिक वर्ष? (जालना)

उत्तर: दोन्ही नाही. तुमच्या नोंदणी प्रमाणपत्रावर वैधतेची जी तारीख आहे, तिच्यापासून मागे ५ वर्षे. शेजारच्या डॉक्टरांची मुदत वेगळी, तुमची वेगळी. त्यामुळे एकाच दवाखान्यातल्या नवरा-बायकोंनी एकच यादी ठेवली की घोळ होतो. वर्षाला ६ पॉइंटची सरासरी धरा. चार वर्षे काही न करता पाचव्या वर्षी पळापळ करणारे पुष्कळ आहेत, पण मराठवाड्यात मोठ्या परिषदा दर महिन्याला होत नाहीत आणि ज्या रविवारी होतात, त्या रविवारी ओपीडी बंद ठेवणे प्रत्येकाला जमत नाही.

प्रश्न: मी तीन सीएमईंना हजर होते, सही केली, प्रमाणपत्रेही मिळाली. पण कौन्सिलकडच्या माझ्या खात्यावर एकाच कार्यक्रमाचे पॉइंट दिसतात. असे का? (उदगीर)

उत्तर: बहुतेक वेळा चूक हजेरीच्या कागदावर असते. हल्लीच्या नोंदणी क्रमांकात तिरक्या रेघांनी तोडलेले तीन भाग असतात: वर्ष, महिना, अनुक्रमांक. घाईत महिन्याच्या आधीचे किंवा अनुक्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य गळते आणि आयोजकाने भरलेली नोंद तुमच्या नावाशी जुळत नाही. दुसरे कारण नाव. कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये माहेरचे नाव आणि हजेरीपटावर सासरचे, असे झाले की गाडी अडते. नाव बदलून घ्यायचे तर कौन्सिलकडे रीतसर अर्ज करा. तोवर रजिस्टरमध्ये आहे तेच नाव लिहा, मग दवाखान्याच्या पाटीवर काहीही असो.

आता काय करायचे? तिन्ही प्रमाणपत्रे समोर ठेवा. प्रत्येकावर कौन्सिलच्या मान्यतेचा उल्लेख, पॉइंटची संख्या, कार्यक्रमाची तारीख आणि तुमचा नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहा. ज्यावर मान्यतेचा उल्लेखच नाही, ते प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावायला ठीक. रिन्युअलला उपयोग नाही. बाकीच्यांसाठी आयोजक शाखेच्या सचिवांना प्रमाणपत्राची प्रत जोडून लेखी कळवा आणि दुरुस्ती पाठवायला सांगा. हे महिनाभरात करा. वर्षभराने पदाधिकारी बदलतात आणि हजेरीपट कुणाच्या कपाटात आहे, ते कुणालाच माहीत नसते.

प्रश्न: आमच्या तालुका शाखेने सर्पदंशावर चार तासांचे सत्र घेतले. आता त्याला पॉइंट मिळवता येतील का? (गेवराई)

उत्तर: नाही. मान्यता आधी घ्यायची असते. विषय, वक्ते, वेळापत्रक देऊन अर्ज करायचा, मंजुरी आली की कार्यक्रम, आणि त्याला कौन्सिलचा ऑब्झर्वर हजर. विषय मात्र उत्तम निवडला. सर्पदंश सूचनीय आजार (ज्याचा रुग्ण आढळला की सरकारला कळवावे लागते असा) म्हणून जाहीर करावा, असे केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यांना कळवले आहे. पुढच्या पावसाळ्याआधी मान्यता घेऊन हेच सत्र पुन्हा ठेवा.

प्रश्न: औषध कंपनीचा एमआर (प्रतिनिधी) म्हणतो, गोव्याच्या परिषदेचे तिकीट आणि हॉटेल कंपनी देईल. पॉइंटही मिळतील. घ्यावे का? (लातूर)

उत्तर: घेऊ नका. डेलिगेट म्हणून, म्हणजे वक्ता नव्हे तर नुसते सहभागी म्हणून, सीएमईला जाण्यासाठी कंपनीकडून प्रवास किंवा मुक्काम घेणे डॉक्टरला मना आहे. २००२ च्या आचारसंहितेला डिसेंबर २००९ मध्ये जोडलेले कलम ६.८ तेच सांगते. २०१६ मध्ये त्याला शिक्षेचा तक्ता जोडला गेला: ५,००० ते १०,००० रुपयांच्या लाभाला ३ महिने नाव रजिस्टरमधून कमी, ५०,००० पर्यंत ६ महिने, एक लाखापर्यंत वर्षभर. गोव्याचे विमान आणि दोन रात्री धरल्या तर तुम्ही कुठल्या रकान्यात बसता, ते बघा. कंपन्यांसाठी मार्च २०२४ ची वेगळी संहिता आहे. तिच्यात प्रवास-मुक्कामाची सूट फक्त वक्त्याला आहे. अनेक एमआर या सवलतीचे बोट धरून 'वक्ता म्हणून नाव टाकू' असे सुचवतात. कार्यक्रमपत्रिकेत तुमचे व्याख्यान नसेल तर तुम्ही डेलिगेटच.

प्रश्न: हैदराबाद आम्हाला संभाजीनगरपेक्षा जवळ. तिथली परिषद चालेल का? (देगलूर)

उत्तर: नाव नोंदवण्याआधी महाराष्ट्र कौन्सिलला ईमेल करून विचारा. कार्यक्रमाचे नाव, तारीख आणि मान्यता देणारी कौन्सिल त्यात लिहा. लेखी होकार येईपर्यंत ते पॉइंट ३० मध्ये धरू नका.