उसाचं बिल आणि जाहिरातींचे पैसे

सांगली

प्रिय दोस्ता,

तुझा मेल काल रात्रीच वाचला होता. लगेच उत्तर दिलं नाही, कारण रात्री लिहिलं असतं तर आधी तुझ्यावर चिडलो असतो. तीन महिन्यांचे पैसे अडकलेत, साइटला जाहिराती पुरवणारा नेटवर्कवाला दर सोमवारी ‘या आठवड्यात होईल’ म्हणतो, आणि त्याच्या जाहिराती तुझ्या नोकरभरतीच्या साइटवर अजून सुरू आहेत. हे शेवटचं तू अगदी जाता जाता लिहिलंस. मला पहिल्यांदा तेच दिसलं.

पुढचं वाचण्याआधी त्याच्या जाहिरातींचा कोड साइटवरून काढ. मी थांबतो.

काढला नसशील, हे मला माहीत आहे. ‘कोड काढला तर माणूस बिथरेल आणि जुनेही बुडवेल’ असं तुला वाटतंय. मलाही तसंच वाटलं होतं. २०१७ साली माझी बाजारभावाची साइट जोरात होती. सकाळी सहा ते नऊ या वेळात हळद, बेदाणा, गूळ यांचे दर बघायला लोक यायचे. एका नेटवर्कने जवळजवळ दुप्पट सीपीएम, म्हणजे हजार वेळा जाहिरात दिसण्याचा दर, सांगितला आणि मी बहुतेक जागा त्याच्याकडे वळवली. पहिले दोन महिने तारखेला पैसे आले. तिसऱ्यांदा तारीख हुकली. मॅनेजर म्हणाला, ‘फायनान्सकडे दिलंय.’ मग तो मॅनेजर सोडून गेला, दुसरा आला, त्याला सगळं पहिल्यापासून समजावलं, तोही गेला. मी कोड शेवटपर्यंत काढला नाही. हिशेब मांडला तेव्हा कळलं की पहिली तारीख चुकली त्या दिवशी माझं येणं ८८ हजार होतं आणि मी शहाणा झालो त्या दिवशी १ लाख ८६ हजार. म्हणजे ८८ हजार त्याने अडकवले होते, वरचे ९८ हजार मी आपल्या हाताने नेऊन दिले. पुढे कधीतरी ३५ हजार आले. बाकीच्या पैशांचं नाव मी घरात काढत नाही.

विचार करून बघ. जाहिराती चालूच असतील तर त्याला तुझे पैसे आज द्यायची काय घाई? त्याला उद्याची जागा हवी आहे आणि ती तर त्याला मिळतेच आहे. कोड काढल्यावर निदान त्यांच्या ऑफिसात कुणाच्या तरी स्क्रीनवर तुझा आकडा शून्य होतो आणि फोन तिकडून येतो. नाहीच आला, तर माणूस कसा आहे ते तुला महिनाभर आधी कळलं.

माझे वडील ऊस घालायचे. आमच्याकडे हा धंदा कुणाला शिकवावा लागत नाही. ऊस तोडून गाडी गेली की काटा कारखान्याचा, भाव वरून ठरलेला आणि बिल कधी काढायचं तेही कारखान्याच्या हातात. कायदा आहे. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो की ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर सालाला १५ टक्के व्याज. तरी दरवर्षी आंदोलनं होतात. पण वडिलांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की ऊस गेला म्हणजे पैसे आले असं नव्हे, आपण उधारीवर माल घातलाय. तुझी गडबड नेमकी इथे झाली. डॅशबोर्डवरचा आकडा तू खिशातला धरलास आणि त्याच्या जोरावर लॅपटॉपचा हप्ता सुरू केलास. काटा तिथेही त्यांचाच आहे, हे विसरू नको. तुझ्या मोजणीत आणि त्यांच्या मोजणीत दहा टक्क्यांपर्यंत फरक या धंद्यात चालवून घेतात. त्यापुढे गेला तर विचारायचं.

आता ‘नेट ६०’ म्हणजे काय ते कागदावर मांड. तू मला लिहिलंस, ‘साठ दिवसच तर आहेत.’ साठ दिवस महिना संपल्यापासून मोजतात. जानेवारीची कमाई १ एप्रिलच्या आसपास यायची. तोवर फेब्रुवारी आणि मार्चही तू घालून बसलेला असतोस. महिन्याला चाळीस हजार धर, म्हणजे सगळं सुरळीत चालू असतानासुद्धा त्याच्याकडे तुझे १ लाख २० हजारांपर्यंत अडकलेले असतात. कुणी सव्वा लाख हातउसने मागितले असते तर तू दिले असतेस का? मी हल्ली प्रत्येक नेटवर्कला एक रक्कम ठरवून देतो, तेवढीच उधारी. आकडा त्याच्यावर गेला की जागा कमी करतो, मग सीपीएम कितीही गोड असो.

पैसे इतके उशिरा का येतात, हे तू विचारलं आहेस. बरं केलंस, कारण सगळेच चोर नसतात. साबणाची कंपनी जाहिरात देते एजन्सीला. एजन्सी ती खरेदीच्या प्लॅटफॉर्मवरून, म्हणजे डीएसपीवरून चालवते. डीएसपी एक्स्चेंजकडून, म्हणजे जाहिरातींच्या जागांच्या बाजारातून, जागा घेतो, एक्स्चेंज नेटवर्ककडून आणि नेटवर्क तुझ्याकडून. जाहिरात अर्ध्या सेकंदाच्या आत तुझ्या पानावर येते, पैसे मात्र त्याच वाटेने पायी चालत येतात आणि प्रत्येक धर्मशाळेत महिनाभर मुक्काम करतात. करारांत एक कलम बहुतेक वेळा असतं: मला वरून मिळाले तरच मी खाली देणार. खुद्द गूगलच्या जाहिरात सेवेच्या, म्हणजे अ‍ॅडसेन्सच्या अटींमध्येही आहे, की जाहिरातदाराने गूगलचे पैसे बुडवले तर ते तुझ्या खात्यातून रोखता किंवा वळते करता येतात. छोट्यांची गोष्ट तर सोडूनच दे.

मधली एखादी कडी तुटली की काय होतं, हे २०२३ मध्ये सगळ्यांनी बघितलं. ३० जून रोजी मीडियामॅथ ही अमेरिकेतली जुनी डीएसपी दिवाळखोरीत गेली. मॅग्नाइटसारख्या मोठ्या एक्स्चेंजचे एक कोटी डॉलरहून जास्त अडकले. धनकोंच्या यादीत पबमॅटिकही होती, जिच्या पुण्यातल्या ऑफिसात आपल्याकडची कितीतरी पोरं काम करतात. त्याआधी २०१९ च्या मार्चमध्ये सिझमेकचं असंच झालं होतं. अशा वेळी एक्स्चेंज आपला तोटा किती गिळतो आणि किती खाली ढकलतो, हे ज्याच्या त्याच्या करारावर. काही ठिकाणी तर आधी दिलेले पैसेही पुढच्या बिलातून कापून घेतात. लातुरात बसून भरतीच्या जाहिराती टाकणाऱ्या तुला अमेरिकेतल्या त्या कंपनीचं नावही माहीत नसतं आणि कापलेल्या आकड्यासमोर फक्त ‘अ‍ॅडजस्टमेंट’ असं लिहून येतं.

म्हणून वाट जितकी लहान तितकं बरं. ती मोजायला साधन आहे, वापर. तुझ्या साइटवरची अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी फाइल उघड. तुझी जागा कोण विकू शकतो याची यादी, नेटवर्कने पाठवली आणि तू न वाचता चिकटवली, तीच. प्रत्येक ओळीत ‘डायरेक्ट’ किंवा ‘रीसेलर’ लिहिलेलं असतं. डायरेक्ट म्हणजे त्या एक्स्चेंजमधलं खातं तुझ्या ताब्यातलं आणि पैसे थेट तुला. रीसेलर म्हणजे मध्ये अजून कुणीतरी बसलाय. तुझी फाइल मी पाहिली. दोनशेच्या वर ओळी आणि डायरेक्ट फक्त तीन. यात दलाल किती, ते तूच मोज.

अ‍ॅडसेन्सबद्दल ‘तिथूनही पैसे उशिरा येतात’ ही तुझी तक्रार मात्र मला पटली नाही. तिथला उशीर बहुतेक वेळा आपल्याच घरचा असतो. महिन्याचा आकडा पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला पक्का होतो आणि पैसे २१ ते २६ तारखेच्या दरम्यान निघतात. शंभर डॉलर झाले नसतील तर ते पुढे ओढले जातात. दहा डॉलर झाले की पत्ता तपासायला पोस्टाने पिन येतो. तो चार महिन्यांत भरला नाही तर जाहिराती बंद. गावाकडे हा पिन हरवतोच, कारण आपण पत्ता शहरासारखा लिहितो. ‘मु. पो.’, तालुका, पिनकोड सगळं नीट लिही आणि पोस्टमनला आधीच सांगून ठेव. माझा पहिला पिन शेजारच्या गावातल्या माझ्याच नावाच्या एका माणसाकडे गेला होता. तो त्याने बँकेचं काहीतरी असेल म्हणून पंचांगात जपून ठेवला होता.

दुसरं, बँक. तुझ्या शाखेला स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशी व्यवहारांसाठीचा बँकेचा ओळख नंबर, नसेल तर परदेशातून आलेले पैसे लटकतात. परकीय चलनाचं काम करणाऱ्या मोठ्या शाखेचा कोड विचारून घे आणि तो भर. खात्यावरचं नाव आणि अ‍ॅडसेन्समधलं नाव तंतोतंत एकच ठेव, एकीकडे वडिलांचं नाव आणि एकीकडे नुसतं आडनाव असं नको. पहिल्यांदा पैसे आले की बँक परपज कोड, म्हणजे पैसे कशाचे त्याचा नंबर, विचारते. जाहिरातीसाठी पी १००७. क्लार्कलाही बऱ्याचदा माहीत नसतो, तू चिठ्ठीवर लिहूनच ने.

आता तुझ्या अडकलेल्या तीन महिन्यांकडे येतो. नेटवर्क भारतातलं आहे, हे तुझं नशीब. परदेशातलं असतं तर मी फार तर सहानुभूती दिली असती. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, केली आहेस का? नसेल तर आज कर. ऑनलाइन होते, फुकट होते, आधार आणि पॅन लागतं. या थकलेल्या बिलांना ती कितपत कामी येईल हे वकीलच सांगेल, पण पुढच्या प्रत्येक बिलावर तो नंबर छापलेला हवा. भांडण झाल्यावर धावत जाऊन काढलेल्या नंबराला वजन राहत नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे करारात काहीही लिहिलं असलं तरी ४५ दिवसांपलीकडे थांबवता येत नाहीत, आणि लेखी करारच नसेल तर १५ दिवस. म्हणजे भारतातल्या नेटवर्कने नोंदणी असलेल्या माणसाला लावलेलं ‘नेट ६०’ कायद्यापुढे टिकत नाही. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, तेही दर महिन्याला चक्रवाढ, असं व्याज लागतं. दाद मागायला सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पाने कलम ४३ बी (एच) आणलं, त्यामुळे असे पैसे मुदतीत न देणाऱ्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात दाखवता येत नाही. हे कलम त्यांच्या मॅनेजरला ठाऊक नसेल, सीएला पाठ असतं. मार्च महिन्यात त्यांच्या अकाउंट्सला फोन करून बघ, आवाज बदललेला असतो.

आणि एक जागा तू बघितलेली दिसत नाही. आयकराच्या साइटवर तुझा २६ एएस, म्हणजे तुझ्या नावावर कापलेल्या कराचा उतारा, उघड. कंपनीने तुझ्या बिलावर टीडीएस कापून भरला असेल तर तो तिथे दिसेल. टीडीएस बिल खात्यात जमा धरलं की कापायचा असतो, पैसे नंतर दिले तरी. तो दिसला म्हणजे त्यांनी स्वतःच्या वहीत तुझं देणं मान्य केलंय. मग ‘बिल व्हेरिफिकेशनमध्ये आहे’ हे कसं? माझ्या ओळखीच्या एकाने मेलला फक्त तो स्क्रीनशॉट जोडला, वर एक ओळ लिहिली आणि चौथ्या दिवशी पैसे आले. प्रत्येकाचे येतील असं नाही.

तुझे मेल वाचले. ‘सर, प्लीज बघा ना’, ‘खूप अडचण आहे’, ‘घरची परिस्थिती’. हे लिहू नको. तू त्यांच्याकडे कर्ज मागत नाहीस. मेल मॅनेजरला नको, तो सेल्सचा माणूस आहे, त्याला तुझी जागा हवी असते आणि चेक त्याच्या हातात नसतो. अकाउंट्सला पाठव, त्याला सीसीत ठेव. महिना, पक्का झालेला आकडा, बिल नंबर, देय तारीख, आज किती दिवस उलटले आणि एकच प्रश्न: कोणत्या तारखेला जमा होईल? उत्तरात तारीख आली तर ती तुझ्या कामाची. देणं लेखी कबूल केलं की दाव्याची तीन वर्षांची मुदत तिथून नव्याने मोजता येते. फोनवर काही ठरलं तर त्याच संध्याकाळी ‘आज आपलं असं बोलणं झालं’ म्हणून मेल टाक.

बिल तू दर महिन्याला पाठवलं होतंस ना? मेलमध्ये कुठे उल्लेख नाही. काही नेटवर्क आपणच बिल बनवतात, काहींच्या पोर्टलवर आपण चढवलं नाही तर त्यांच्या लेखी घड्याळ सुरूच होत नाही. हे आधी तपास. नाहीतर मी इथे कायदा सांगत बसायचो आणि बिल तुझ्या लॅपटॉपमध्येच निघायचं.

पोलीस भरती निघाली की तुझी साइट पुन्हा वर जाईल आणि त्याच आठवड्यात दोन-तीन नवी नेटवर्क दुप्पट दर घेऊन दारात येतील. आली की मला त्यांचा करार पाठव, दराचं पान नको. पैसे कधी आणि कुणाकडून मिळाल्यावर देणार, तेवढीच दोन पानं.

शनिवार-रविवार फोन करू नको, आमच्याकडे टोळी येणार आहे, ऊस तुटतोय. सोमवारी सकाळी कर.

तुझा,
दादा

ता. क. कोड काढलास का?