देवाला ‘तू’ म्हणायचं, मग आदर कुठं राहिला?

जय ख्रिस्त. तुमचा प्रश्न मला असा कळला: दोन वर्षं चर्चला जाताय, विश्वास आहे, पण घरप्रार्थनेत कुणी “आता तुम्ही करा” म्हटलं की घाम फुटतो. बाकीचे घडाघडा बोलतात. त्यात घरी वडिलांना ‘तुम्ही’ म्हणायची सवय, त्यामुळं देवाला ‘तू’ म्हणताना जीभ अडखळते. आणि एकटं बसलं तर मन भरकटतं. मग आदरानं प्रार्थना करायला शिकायचं कसं?

मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू नाही, हे आधीच सांगतो. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करतो आणि रविवारी उपासनेला मागच्या बाकावर बसतो. पण घडाघडा बोलणाऱ्यांचा हेवा करू नका, एवढं अनुभवानं सांगू शकतो. मी त्यांच्यातलाच होतो.

वीस-बावीस वर्षांपूर्वी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका आजोबांना अर्धांगाचा झटका आला. राजारामपुरीत त्यांच्या घरी आम्ही पाच-सहाजण प्रार्थनेला गेलो. पाळकसाहेब परगावी, म्हणून प्रार्थना माझ्याकडं आली. मी तेव्हा तरुण संघात नुकताच बोलायला लागलेलो, अंगात वारं भरलेलं. “हे परमकृपाळू, सर्वसमर्थ, सनातन स्वर्गीय पित्या” इथून गाडी सुटली. लहानपणापासून कानावर पडलेली सगळी विशेषणं ओळीनं लावली. राज्यकर्त्यांसाठी मागितलं, पिकापाण्यासाठी मागितलं, जगाच्या शांतीसाठी मागितलं. आतून दूध उतू गेल्याचा वास आला तरी माझं चालूच. आमेन झाल्यावर आजींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “लई ग्वाड बोललास रं लेकरा. पर आमच्या म्हाताऱ्याचं नाव घ्यायचं ऱ्हायलं की.”

खरंच राहिलं होतं. खाटेवर माणूस तोंड वाकडं होऊन पडलेला, आणि मी त्याचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. घरी येताना रंकाळ्यावर थांबलो, कुणाशी बोलावंसं वाटेना. मी देवाशी बोलतच नव्हतो, समोरच्या पाच-सहाजणांना ऐकवत होतो. बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात येशू नेमकं हेच सांगतो: लोकांनी बघावं म्हणून चव्हाट्यावर उभे राहू नका, खोलीत जा, दार लावून घ्या. पाठ होतं मला ते.

आता तुमच्या ‘तू’कडं येतो, कारण तुमच्या प्रश्नातला खरा गाभा तोच आहे.

एक तर बायबल मुख्यतः ज्या हिब्रू आणि ग्रीक भाषांत लिहिलं गेलं, त्यांत आपल्यासारखं आदरार्थी ‘तुम्ही’ नाहीच. राजाला काय, देवाला काय, एकच ‘तू’. मराठीत मात्र निवड करावी लागते, आणि आपल्या भाषेनं ती ख्रिस्ती लोक यायच्या कितीतरी आधी करून ठेवली होती. वारकरी विठोबाला ‘तू’च म्हणतो. कोल्हापूरचा माणूस अंबाबाईला ‘तू’च म्हणतो. आमच्या घरात वडिलांना ‘अहो आबा’ आणि आईला ‘ए आई’. आईला ‘ए’ म्हटलं म्हणून तिचा मान कमी झाला, असं कधी कुणाला वाटलंय का? कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढं अभंग-ओवीच्या वळणाची गीतं लिहिली, त्यांत ख्रिस्ताला आई म्हणून हाक आहे. त्यांची गीतं आपण उपासनेत गातो तेव्हा हा ‘तू’ अडखळत नाही, बघा.

पण नुसती जवळीक म्हणजे प्रार्थना असंही नाही. मला हे गेथशेमानेच्या बागेवरून उमगलं, जिथं येशूनं पकडला जाण्याआधी प्रार्थना केली. मार्काच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय उघडा, पस्तीस आणि छत्तीस ही दोनच वचनं वाचा. येशू जमिनीवर पडून प्रार्थना करतो, आणि त्याच्या तोंडचा पहिला शब्द आहे ‘अब्बा’. येशूच्या घरच्या अरामी भाषेत लेक बापाला मारतो ती हाक. (आपल्याकडच्या ‘आबा’शी त्याचं नातं जोडू नका, पण ऐकताना मला माझे आबा आठवतात, त्याला इलाज नाही.) अंग मातीला लागलेलं आणि तोंडात घरातली हाक. मग मागणं अगदी उघड, हा प्याला, म्हणजे पुढं येणारं दुःख, माझ्यापासून दूर कर. आणि लगेच, माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. यात विशेषण एकही नाही. आदर सगळा त्या शेवटच्या वाक्यात आहे. समोर कोण आहे हे ठाऊक असल्याशिवाय माणूस ते वाक्य उच्चारू शकत नाही. मला तर अजूनही ते जड जातं. पोराच्या नोकरीबद्दल बोलताना तर फारच.

गुडघे टेकलेच पाहिजेत का? बायबलातली माणसंच बघा. दानीएल दिवसातून तीनदा टेकायचा. दावीद परमेश्वरापुढं नुसता बसला होता. जकातदार दूर उभा राहून छाती बडवत होता. हन्नाचे तर फक्त ओठ हलत होते, आणि याजकाला वाटलं बाई प्यायलीय. टेकता येत असतील तर टेका. दिवसभर मशीनपुढं उभं राहून माझे गुडघे गेलेत, मी खुर्चीवर बसतो.

पण शरीराचा काहीच संबंध नाही असंही म्हणू नका. आमच्या शॉपमध्ये एक उस्ताद होते, हिंदू, पक्के माळकरी. रोज सकाळी चप्पल बाहेर काढायचे, कोपरापर्यंत हात धुवायचे, पुसायचे, मग मशीनला उदबत्ती. हात पुसून झाल्यावर क्षणभर नुसते उभे राहायचे. मी पूजेत नसायचो, पण ते उभं राहणं मला बोचायचं. मी घरून निघताना स्कूटरला किक मारत मारत “प्रभू, आजचा दिवस तुझ्या हाती” म्हणून मोकळा! घाईची प्रार्थना खोटी असते असं नाही. राजानं “तुला काय पाहिजे” विचारलं तेव्हा बायबलातल्या नहेम्यानं, त्या राजाच्या प्यालेबरदारानं, उत्तर द्यायच्या आधी उभ्या उभ्याच स्वर्गातल्या देवाची प्रार्थना केली. पण त्याच्या आधीच्या अध्यायात तो कित्येक दिवस उपास करून रडत होता, ते आपण विसरतो. माझं नुसतंच किक मारणं होतं.

तेव्हापासून मी एकच सवय लावून घेतली. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचा, हात धुवायचे, बसायचं आणि लगेच तोंड उघडायचं नाही. बायबलातल्या ‘उपदेशक’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात लिहिलंय, देव स्वर्गात आहे, तू पृथ्वीवर आहेस, म्हणून तुझे शब्द थोडके असावेत. ते वचन मनात घोळवायचं. कधी दोन मिनिटं, कधी पाच. समोर कोण आहे याचं भान आलं की बोलायचं. नाही आलं तर स्तोत्रसंहितेतलं एखादं स्तोत्र मोठ्यानं वाचायचं. तेविसावं नको, ते आपोआप तोंडातून निघतं नि मन भलतीकडंच असतं. एकशे तिसावं घ्या.

घरप्रार्थनेत तुमच्यावर वेळ आली तर खुशाल प्रभूची प्रार्थना, येशूनं शिष्यांना शिकवलेली, म्हणा. फक्त सावकाश. “तुझे नाव पवित्र मानले जावो” यावर थांबा. मागण्यांच्या आधी त्याचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा, असा तिचा क्रम आहे, आणि मग सरळ रोजची भाकर. एवढ्या उंचावरून थेट भाकरीवर! तेवढं म्हटलं तरी कुणी हसणार नाही. हसलं तर मला सांगा. आणि आजाऱ्याच्या घरी असाल तर आधी आजाऱ्याचं नाव घ्या.

मन भरकटण्याचं काय, ते माझंही भरकटतं. पूर्वी मी ते ओढून आणायचो आणि त्यातच सगळी वेळ जायची. आता जे मध्ये येतं तेच सांगून टाकतो. आज सकाळी डोळे मिटले तर पहिल्यांदा शॉपचं लाइट बिल आठवलं. दोन महिन्यांचं थकलंय. त्याच्यापासूनच सुरुवात केली.