अंदाजे दीड किलो

प्रिय,

तू पाठवलेला केसपेपर पाहिला. ससा, मादी, कालपासून खात नाही, आणि वजनाच्या रकान्यात ‘अंदाजे दीड किलो’. पुढे दोन पानं तू विचारलंयस की मेलॉक्सिकॅमचा (दुखणं थांबवणाऱ्या औषधाचा) डोस चुकला का, आणि आपण कुत्र्या-मांजरांपुरतंच राहावं का. दुसऱ्या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. पहिल्याचं उत्तर त्या ‘अंदाजे’मध्ये आहे.

आधी वजन कर. ग्रॅममध्ये.

स्वयंपाकघरातला ५ किलोचा डिजिटल काटा पुरतो, हॅमस्टरसाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा वेगळा घे. प्लास्टिकचा डबा, तळाशी टॉवेल (गुळगुळीत तळावर पाय घसरले की जनावर बिथरतं), काटा शून्यावर आण, मग जनावर ठेव. दीड मिनिटाचं काम आहे.

हिशेब बघ. १०० ग्रॅमच्या हॅमस्टरला किलोला ०.५ मिलिग्रॅमने मेलॉक्सिकॅम द्यायचं तर होतात ०.०५ मिलिग्रॅम. तुझ्याकडचं इंजेक्शन मिलिलिटरला ५ मिलिग्रॅमचं, म्हणजे ०.०१ मिली. एक मिलीच्या सिरिंजवरची एक रेघ! अर्धी रेघ हुकली की डोस दीडपट, शिवाय सुईच्या बुडात अडकलेलं औषध वेगळंच. ते दहापट पातळ कर, मग ०.१ मिली सरळ मोजता येतं. पण हे सगळं शंभर ग्रॅम खरोखर शंभर असतील तरच. सशाचं उलटं होतं. कुत्र्याच्या डोसने त्याचं दुखणं थांबत नाही. त्याला बहुधा किलोला ०.५ ते १ मिलिग्रॅम लागतं, तेही शरीरातलं पाणी भरून काढल्यावर. दुखणं थांबलं नाही की तो खात नाही, खाल्लं नाही की आतडं मंदावतं, गॅस धरतो, आणखी दुखतं.

वजनाचा दुसरा उपयोग डोसाहून मोठा आहे, आणि तोच कोणी करत नाही. खालच्या दाढांची टोकं जिभेकडे वाढतात, वरच्यांची गालाकडे. ससा आधी सुकं गवत सोडतो, मग पेलेट (तयार गोळीखाद्य), कोथिंबीर सगळ्यांत शेवटी. मालक म्हणतात, ‘खातोय की!’ दाट केसांखाली कण्याचे मणके वर आलेले कुणाला दिसत नाहीत. काट्याला दिसतात. म्हणून मालकांनाही काटा घ्यायला लाव: आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, वहीत आकडा. दहा टक्के उतरलं तर ‘बघू’ म्हणायचं नाही. या हट्टापायी लोक मला तऱ्हेवाईक म्हणतात. म्हणोत. हा हट्ट मी उशिरा धरला याचंच वाईट वाटतं.

आता तुझी केस. बारा तास न खाल्लेला ससा ही इमर्जन्सी, उद्याची अपॉइंटमेंट नव्हे. अंगाचं तापमान बघ: ३८ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर आधी ऊब. पोट ताणलेलं, घट्ट असेल आणि रक्तातली साखर डेसिलिटरला ३६० मिलिग्रॅमच्या वर असेल तर आतड्यात अडथळ्याचा संशय धर, एक्स-रे काढ. तोवर तोंडाने काही नाही आणि मेटोक्लोप्रमाइडही (आतड्याला चालना देणारं औषध) नाही. अडथळा नसेल तर कोमट सलाइन, दिवसाला किलोला साधारण १०० मिली, आणि पातळ भरण (पाण्यात कालवलेलं खाणं, सिरिंजने) किलोला १० ते १५ मिली, दिवसातून तीन-चार वेळा, पुढच्या दातांमागच्या फटीतून, सावकाश. हे सगळे आकडे ‘किलोला’ आहेत, लक्षात आलं ना? लेंड्या मोज, आकारही लिही.

अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन ही अँटिबायोटिक्स सशाला तोंडाने कधीच नको. आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि क्लॉस्ट्रिडियम हा घातक जिवाणू माजतो. भुलीआधी उपाशी ठेवू नको, ससा उलटी करूच शकत नाही. गिनी पिगला व्हिटॅमिन सी रोज, किलोला १० ते ३० मिलिग्रॅम, पाण्यात मिसळून नव्हे, कारण ते तिथे लवकर नासतं. ढोबळी मिरची, पेरू चालतात.

ती ससुली उद्या परत येणार म्हणतेस. काटा टेबलावर नको, जमिनीवर मांड. उचलताना मागचे पाय अंगाशी धर. हवेत लाथ झाडली तर तिचा कणा तिच्याच जोराने मोडू शकतो.