‘प्रेम ही कमजोरी आहे’ असं मानणाऱ्या पात्राच्या तोंडी कोणता शब्द घालावा?

प्रश्न एका कथालेखिकेचा आहे. त्यांची नायिका कुणालाही जवळ येऊ देत नाही, प्रेमाला ती कमजोरी समजते. पण ‘प्रेम ही कमजोरी आहे’ हे वाक्य तिच्या तोंडी घातलं की ते डब केलेल्या मालिकेतलं वाटतं. मग दुबळेपणा, दुर्बलता, हळवेपणा यांपैकी काय वापरावं? आणि अशा स्वभावाला मराठीत काय म्हणतात?

‘कमजोरी’ या शब्दाचा इथे काही दोष नाही. कम आणि जोर हे दोन्ही फारसीतून आलेले शब्द मराठीत केव्हाचे रुळले आहेत. खटकते ती वाक्याची घडण. ती व्याख्या झाली, आणि मन झाकून ठेवणारं माणूस आपल्या भीतीची व्याख्या सहसा कुणाला सांगत नाही.

दुबळेपणा आणि दुर्बलता मी बाजूला ठेवीन. दुबळं माणूस एकटं असलं तरी दुबळंच असतं. तुमची नायिका तर एकटी असताना भक्कम आहे. कुणी हात घालू शकेल अशी जागा आपल्यात तयार होईल, ही तिची धास्ती. त्या जागेला मराठीत मर्म म्हणतात, बोलताना आपण ‘दुखरी नस’ म्हणतो. हळवेपणा हा शब्द ती वापरेल, पण दुसऱ्यांसाठी: ‘उगाच हळवी होऊ नकोस.’ स्वतःच्या बाबतीत तो शब्द ती तोंडातूनही काढणार नाही.

खरी श्रीमंती ‘जीव’ या शब्दाभोवतीच्या क्रियापदांत आहे. ‘तिनं त्याला जीव लावला’ या वाक्यात कर्ती ती आहे. ‘तिचा जीव त्याच्यावर जडला’ म्हटलं की कर्ता जीव होतो आणि ती नुसती षष्ठीत उरते. जीव गुंतला, जीव अडकला, जीव टांगणीला लागला, सगळीकडे हेच. माणसाच्या हातातून सूत्रं गेल्याचं मराठीचं व्याकरणच सांगतं. तुमच्या नायिकेला नेमकं हेच सोसवत नाही. म्हणून तिचं वाक्य मी असं लिहीन: ‘मला कुठं जीव अडकवून ठेवायचा नाही.’ इथे तिनं ‘अडकणे’चं ‘अडकवणे’ केलं आहे, म्हणजे कर्तेपण स्वतःकडे ओढून घेतलं आहे. एवढ्या एका प्रयोजक रूपात तिचा स्वभाव उतरतो.

दुसरा मोलाचा शब्द मिंधेपणा. प्रेमाकडे ती उपकाराचं ओझं म्हणून पाहत असेल तर ‘मला कुणाचं मिंधं व्हायचं नाही’ यासारखं वाक्य नाही. मात्र ही धास्ती वेगळी आहे. अडकण्याच्या भीतीत आपलं माणूस गमावण्याची शक्यता असते, मिंधेपणाच्या भीतीत परतफेडीची. तुमच्या नायिकेची कोणती, हे ठरवल्याशिवाय शब्द ठरणार नाही.

या विषयावरचं माझं सर्वांत आवडतं मराठी ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात आहे. आप्तांना समोर पाहून अर्जुन गळाठतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण त्या अवस्थेला ‘क्षुद्र हृदयदौर्बल्य’ म्हणतात. तुमच्या नायिकेचं मत थेट हेच. ज्ञानेश्वर मात्र त्याआधीच भुंग्याचा दृष्टान्त देऊन जातात. कसलंही कोरडं लाकूड पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत सापडतो. प्राण गेला तरी त्याला ती पाकळी चिरता येत नाही. ‘तैसें कठिण कोवळेपणें । स्नेह देखा.’ इथे भुंग्याची ताकद रतीभरही कमी झालेली नाही, फक्त ती त्या पाकळीवर चालत नाही. ‘दुबळेपणा’ हा शब्द इथे तोकडा पडतो तो याचसाठी. नायिकेनं म्हणावं ‘दौर्बल्य’ आणि कथेनं दाखवावा भुंगा, एवढं अंतर राखलंत तर पात्राची बाजूही राहील आणि लेखिकेचीही.

आता स्वभावाबद्दल. ‘आतल्या गाठीची’ म्हटलं तर थोडी कावेबाजपणाची छटा येते. ‘माणूसघाणी’त तिरस्कार आहे, तोही इथे नको. ‘अलिप्त’ बरा, पण त्यात विरक्ती डोकावते, आणि विरक्त माणसाला इतकं सावध राहावं लागत नाही. ‘तुटक’ हे वागण्याचं नेमकं वर्णन आहे: ती तुटक बोलते, विचारलं तेवढंच सांगते. पूर्ण स्वभावासाठी मी ‘हातचं राखून वागणारी’ घेईन. राखून ठेवायला तिच्याजवळ पुष्कळ आहे, हे त्यात आपोआप येतं.