‘द क्लॅश’चे जुने चाहते त्यांच्याबद्दल अजूनही इतक्या मायेने का बोलतात?

तुम्ही लिहिलंय की चार-दोन गाणी ऐकली, बरी वाटली, पण साठी ओलांडलेली इंग्रज माणसं ‘द क्लॅश’ या लंडनच्या पंक रॉक बँडचं नाव निघताच हळवी का होतात ते कळलं नाही. नुसत्या गाण्यांवरून ते कळणं अवघडच आहे. या बँडने चाहत्यांना आपलं मानलं, त्यापायी स्वतःच्या खिशाला चाट लावून घेतली, आणि हे त्या पोरांनी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

डिसेंबर १९७९ मध्ये त्यांचा ‘लंडन कॉलिंग’ हा अल्बम आला. रेकॉर्ड दोन, किंमत एकाची. पुढच्या वर्षीचा ‘सँडिनिस्टा!’ तर तीन रेकॉर्डचा, ३६ गाण्यांचा. तो स्वस्तात विकता यावा म्हणून ब्रिटनमधल्या पहिल्या २ लाख प्रतींची रॉयल्टी त्यांनी सोडली. लंडनला माझ्या शेजारी राहणाऱ्या गृहस्थांनी मला त्यांची ‘लंडन कॉलिंग’ची प्रत दाखवली. चौथी बाजू दिव्याखाली तिरकी धरली की लेबलाजवळच्या मोकळ्या पट्ट्यात बारीक कोरलेली अक्षरं दिसतात: ‘ट्रेन इन व्हेन’. हे गाणं ऐन वेळी घातलं, तोवर कव्हर छापून झालं होतं, त्यामुळे कव्हरवर त्याचं नावच नाही. ती अक्षरं दाखवताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता!

पण सगळ्यात जास्त बोललं जातं ते ३० एप्रिल १९७८ बद्दल. पूर्व लंडनमध्ये तेव्हा नॅशनल फ्रंट या स्थलांतरितांच्या विरोधातल्या अतिउजव्या पक्षाचा जोर होता, आशियाई लोकांना रस्त्यात गाठून मारहाण व्हायची. त्याविरुद्ध हजारो पोरं ट्रफाल्गर चौकापासून चालत व्हिक्टोरिया पार्कला गेली. तिथे स्टील पल्स, एक्स-रे स्पेक्स आणि क्लॅश हे बँड एकाच मंचावर वाजले. चारच दिवसांनी जवळच्या व्हाइटचॅपलमध्ये अल्ताब अली या तरुण बांगलादेशी कामगाराचा वंशद्वेषातून खून झाला. म्हणजे प्रश्न किती जिवावरचा होता बघा. आपल्या रंगाच्या माणसांसाठी ही गोरी पोरं रस्त्यावर उतरली, म्हणून मला स्वतःला हा बँड फार जवळचा वाटतो.

१९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या बाँड्स या क्लबमध्ये क्लॅशच्या कार्यक्रमांची आयोजकांनी जागेपेक्षा जास्त तिकिटं विकली आणि अग्निशमन खात्याने आडकाठी घातली. कुणाचं तिकीट वाया जाऊ नये म्हणून यांनी ८ कार्यक्रमांचे १७ केले. दौऱ्यावर तर परतीची सोय नसलेली पोरं यांच्या हॉटेलच्या खोलीत खुशाल जमिनीवर झोपायची.

बँडचा गायक जो स्ट्रमर २२ डिसेंबर २००२ ला गेला. त्याच्या महिनाभर आधी, १५ नोव्हेंबरला, संपावरच्या अग्निशमन कामगारांसाठी तो अ‍ॅक्टन टाउन हॉलमध्ये गायला. श्रोत्यांत क्लॅशचा जुना गिटारवादक मिक जोन्स होता. १९८३ मध्ये त्याला बँडमधून काढलं होतं, पण त्या रात्री गाणं चालू असताना तो उठून मंचावर गेला आणि दोघं पुन्हा एकत्र वाजले. तिथे हजर असलेले लोक आजही ही गोष्ट पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी सांगतात.

तुम्ही ‘लंडन कॉलिंग’ पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग ऐका. सुटी गाणी ऐकून हा बँड हाती लागत नाही.