दहा दिवसांच्या मौन शिबिराने तब्येतीला खरंच फरक पडतो का?

तुमचा प्रश्न असा: वय अठ्ठेचाळीस, बीपीची गोळी चालू, रात्री झोप लागत नाही. बायको म्हणते शिबिराला जाऊन या, मित्र म्हणतात ते रिकामटेकड्यांचं काम, पैसे आणि रजा दोन्ही वाया. 'रिकामटेकडे' वाचलं आणि लिहायला बसलो. वडिलांच्या वर्षश्राद्धाला माझ्या थोरल्या भावाने भर पंगतीत माझ्यासाठी हाच शब्द वापरला होता.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. जुने, धोट्याचे माग. ते चालू असताना समोरच्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडल्याशिवाय शब्द पोचत नाही. सतराव्या वर्षापासून मी त्या शेडमध्ये आहे. २०१८ च्या दिवाळीच्या आधी बीपी १७०/११० निघालं. डॉक्टरांनी दुसरी गोळी वाढवली आणि म्हणाले, टेन्शन कमी करा. कसं करायचं ते कुणी सांगत नाही. झोप तीन तास, तीही तुटक.

नोव्हेंबरात इगतपुरीच्या धम्मगिरीला विपश्यनेच्या, म्हणजे मौनात ध्यान करायच्या, शिबिराला गेलो. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने कल्याण, तिथून पुढे नाशिककडच्या गाडीने. फोन आणि पाकीट पहिल्याच संध्याकाळी जमा. पहाटे चारला घंटा, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला चहा आणि थोडं काही, रात्री साडेनऊला दिवे बंद. हे तुम्ही वाचलं असेलच.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉलमध्ये चिडीचूप होतं आणि माझ्या कानात माग चालूच होते. सुरुवातीचे साडेतीन दिवस आनापान असतं, म्हणजे नाकपुड्या आणि वरच्या ओठावरच्या जागेत श्वास बघत बसायचं. ती जागा बघताना तिच्या खालचा जबडा कळला. वरचे-खालचे दात एकमेकांवर गच्च दाबून धरलेले होते. सैल सोडले. मिनिटभराने बघतो तर परत दाबलेले. परत सोडले, परत दाबलेले. त्या एका दुपारी असं किती वेळा झालं याची गणती नाही. त्याआधीच्या वर्षात माझ्या दोन दाढा चिरल्या होत्या. दातांचे डॉक्टर म्हणालेही होते की तुम्ही झोपेत दात खाता. तेव्हा मी ऐकून सोडून दिलं होतं.

सहाव्या रात्री सलग झोपलो, घंटेनेच जाग आली.

दहाव्या दिवशी मौन सुटलं. शेजारच्या पलंगावरच्या जळगावच्या मास्तरांना मी गाव विचारलं, तर ते दचकून मागे सरकले आणि म्हणाले, "रागावलात का?" मी नुसतं गाव विचारलं होतं. तेव्हा उमगलं की कारखान्यातला आवाज मी वीस-पंचवीस वर्षं घरात वापरतोय. घरी येऊन मुलीला विचारलं. ती म्हणाली, "पप्पा, मला वाटायचं तुम्ही रोजच माझ्यावर चिडलेले असता." आता सांगा, हा तब्येतीचा फायदा धरायचा की नाही? मी धरतो.

आल्यावर बीपी १३८/८८ होतं. चार महिन्यांनी डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. लॉकडाऊनमध्ये माग बंद, कर्जाचे हप्ते चालू, माझं ध्यानाला बसणं सुटलं, आणि बीपी पुन्हा चढलं. म्हणून सांगतो, दहा दिवसांची पुण्याई जन्मभर पुरत नाही. घरी सकाळ-संध्याकाळ बसणार नसाल तर जाऊ नका. आणि बीपी उतरवायला म्हणूनही जाऊ नका. ही शिबिरं सुरू करणारे गोएंका गुरुजी स्वतः १९५५ साली मायग्रेन घेऊन ब्रह्मदेशातले त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले होते, तर डोकेदुखीच्या इलाजासाठी आलास तर घेणार नाही, असं त्यांना आधी ऐकावं लागलं.

माझा भाऊ म्हणतो, "मंदी बघून पळालास बे, डोळे मिटायला घरात जागा नव्हती होय?" नव्हती. घरात फोन असतो, सूतवाला व्यापारी असतो, दारात जॉबर, म्हणजे माग सांभाळणारा मिस्त्री, उभा असतो. "त्यापेक्षा वारीला चल," असंही तो म्हणतो. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत दोनदा चाललोय मी. वारीने शरीर थकतं, झोप छान लागते, माणसं भेटतात, माझी श्रद्धाही आहे. पण प्रत्येक मुक्कामावरून मी कारखान्यात फोन करत होतो. जबडा वारीतही दाबलेलाच असणार.

"मग महाबळेश्वरला जा" म्हणणारेही आहेत. मुलीने मला २०१६ चा एक अभ्यास वाचून दाखवला. कॅलिफोर्नियातल्या एका रिसॉर्टवर ९४ बायका सहा दिवस राहिल्या. काही नुसत्या सुट्टीवर होत्या, काही तिथेच ध्यान शिकल्या. बरं सगळ्यांनाच वाटलं, रक्ताच्या तपासणीतही दोन्हीकडे फरक दिसला. पण दहा महिन्यांनी विचारलं तेव्हा नव्याने ध्यान शिकलेल्यांची उदासी सुट्टीवाल्यांपेक्षा कमी राहिली होती. म्हणजे सुट्टी वाईट नाही, ती लवकर विरते.

पैशाचं म्हणाल तर तिथे फी नाही. शिबिर पूर्ण केल्यावर द्यायचं तर दान द्या. नवराबायको एकाच वेळी जाऊ नका, निदान पहिल्यांदा तरी नको. मन घरातच अडकतं.

हे आधीच सांगायला हवं होतं: गोळ्या बंद करू नका, सोबत न्या, डॉक्टरांना विचारून जा. साखरेचं औषध किंवा इन्सुलिन चालू असेल तर फॉर्ममध्ये स्पष्ट लिहा, कारण रात्रीचं जेवण नसतं. मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर ते लपवून जाऊ नका. इतकं लांब मौन काहींना झेपत नाही, त्रास वाढतो.

आणि दादा, तू हे वाचत असशील तर: लग्नसराईच्या आहेराच्या टॉवेलच्या तीन ऑर्डरी त्या बारा दिवसांत वेळेवर गेल्या. माझ्या बायकोने आणि जॉबरने मिळून पाठवल्या. चलनं कपाटात आहेत, कधीही येऊन बघ.